हवामान तापलं की झाडं खरंच जागा बदलतात का? बेळगावजवळच्या खानापूरकडं काय होईल?

हो, बदलतात, पण उभं झाड नाही, त्याची पुढची पिढी सरकते. बी सगळीकडं पडतं, पण खाली उन्हाळा कडक झाला की एप्रिलमध्ये रोपं वाळतात आणि वर गारव्याला तगतात, असं होत होत त्या जातीची हद्दच वर जाते. १००० मीटर चढलं की साधारण साडेसहा डिग्री गार, म्हणजे १ डिग्रीला दीडशेएक मीटर, आणि आपले जांबोटी-कणकुंबीचे डोंगर तेवढे उंच कुठं आहेत, माथा आला की जागा संपली! भीमगड अभयारण्यात मोठ्या बिया लांब नेतो तो धनेश पक्षी, त्याला जपायलाच पाहिजे. फक्त आपल्याकडं पावसावरपण बरंच ठरतं, त्यामुळं काही जाती खालीही सरकू शकतात. जात सरकतेय का ते मोठं झाड बघून कळणार नाही, बुडाशी बोटभर रोपं आहेत का बघा.