प्रेस मशीनचा घसारा (वापराने घटणारी किंमत, जी दरवर्षी खर्चात धरतात) उत्पादनावर कसा काढायचा? आणि मशीन काही महिने बंद असेल तर?

सूत्र सोपं आहे. मशीनच्या एकूण खर्चातून भंगार मूल्य (शेवटी मशीन विकून मिळेल ती रक्कम) वजा करा आणि मशीन आयुष्यभरात जितकं काम देईल त्या आकड्याने भागा. हा झाला एका एककाचा दर. त्याला वर्षभरातल्या कामाने गुणलं की वर्षाचा घसारा. खरा विचार लागतो तो काम कशात मोजायचं हे ठरवताना.

प्रेससाठी नग मोजू नका, स्ट्रोक (प्रेस एकदा खाली येऊन वर जाणं) मोजा. एका स्ट्रोकला दोन नग देणारी डाय (नगाला आकार देणारा साचा) लावली की नग दुप्पट होतात, स्ट्रोक मात्र तेवढेच राहतात. शिवाय रिजेक्ट नग काढतानाही मशीन झिजतंच. गोदामात जमा झालेल्या मालावरून हिशोब केला तर घसारा कमी पडतो.

समजा बिल 11,40,000, वाहतूक आणि बसवणी 60,000. एकूण 12,00,000. (ही बसवणी हमखास विसरली जाते.) भंगार मूल्य 1,20,000, अंदाजे आयुष्य 9,00,000 स्ट्रोक. दर आला 1.20. पहिल्या वर्षी 1,50,000 स्ट्रोक झाले तर घसारा 1,80,000. दुसऱ्या वर्षी 2,10,000 झाले तर 2,52,000. पुस्तकी किंमत (एकूण खर्चातून आतापर्यंतचा घसारा वजा केल्यावरची) उरली 7,68,000. मशीन वर्षाच्या मध्येच घेतलं असलं तरी महिन्यांचं प्रमाण लावायचं नाही, स्ट्रोक मोजणारा काउंटर ते काम आपोआप करतो.

आता मेंटेनन्सवाले म्हणाले की यापुढे फक्त 4,00,000 स्ट्रोक निघतील, तर मागची वर्षं उकरू नका. 7,68,000 मधून 1,20,000 वजा करून 4,00,000 ने भागा. पुढचा दर 1.62. आयएएस 16 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार आयुष्य आणि भंगार मूल्य निदान दर आर्थिक वर्षाच्या शेवटी तपासावं लागतं, आणि बदल पुढच्या काळालाच लागू होतो.

बंद काळात या पद्धतीने घसारा शून्य येतो, आणि त्या मानकाला ते चालतं. पण मशीन गंजत असेल किंवा त्याचं तंत्रज्ञान जुनं होत असेल, तर शून्य हा आकडा फसवा आहे. अशा वेळी उरलेले स्ट्रोक पुन्हा अंदाजा आणि किंमत खरंच वसूल होईल का, हे तपासा. मशीन वर्षानुवर्षं अधूनमधूनच चालणार असेल तर माझ्या मते सरळ रेषा पद्धतच (दरवर्षी सारखाच घसारा) बरी.

काउंटर बदलला तर जुन्याचं शेवटचं रीडिंग तारखेसह लिहून ठेवा. अंदाजापेक्षा जास्त स्ट्रोक निघाले तरी पुस्तकी किंमत भंगार मूल्यावर आली की घसारा थांबवा.