दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता वर्गात तोंडच उघडत नाही

पीयूसीचे (कर्नाटकातली अकरावी-बारावी) वर्ग सुरू झाले की बेळगावात ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे येऊ लागतात. खानापूर, निपाणीकडची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि सायन्सला एकदम सगळं इंग्रजीत.

"मॅडम, ही कॉलेजला जायाला नको म्हणुलालीय," खानापूर तालुक्यातले एक वडील म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगी गप्प. वर्गात ती 'आय हॅव वेंट टू हुबळी' म्हणाली, मागची बाकं हसली, तेव्हापासून रोज सकाळी पोटात दुखायचं. दहावीला इंग्रजीत मार्क चांगले होते हिला!

भीतीवर वेगळं काम केलं, ते इथे सांगत बसत नाही. पण आपलं नेमकं चुकतं कुठे, हे कळल्याशिवाय ती भीती हटणार नव्हती. मराठीत 'मी गेले' आणि 'मी गेले आहे', दोन्हीकडे 'गेले' तेच. म्हणून आपण 'वेंट'च्या आधी बिनधास्त 'हॅव' लावतो, पण इंग्रजीत तिथे तिसरं रूप 'गॉन' लागतं. कन्नडमध्ये मात्र 'होदे' आणि 'होगिद्देने', रूपच बदलतं. तिला कन्नड छान येत होतं. हे दाखवल्यावर ती पहिल्यांदा सरळ बसली. दोन रूपं वेगळी ठेवायची सवय तिला आधीपासूनच होती की!

मग तिच्या पुस्तकातला क्रियापदांचा तीन रकान्यांचा तक्ता (गो-वेंट-गॉन असा) काढला. तो पाढ्यासारखा घोकून घेतात, याचा मला फार राग आहे. ज्यांचं दुसरं आणि तिसरं रूप एकच, ती खोडायला लावली. बॉट, टॉट, टोल्ड, मेड, कट, पुट. तिथे ही चूक होऊच शकत नाही. तक्ता बराच रिकामा झाला. उरली गॉन, सीन, डन, टेकन, रिटन, ब्रोकन असली. ती सुटी पाठ करायची नाहीत, 'हॅव सीन', 'वॉज ब्रोकन' अशी जोडीनंच म्हणायची. नुसतं 'आय सीन' चालत नाही, तिथे 'सॉ'. सर्वांत फसवी कम आणि रन, कारण त्यांचं तिसरं रूप फिरून पहिल्यासारखंच, 'हॅज कम'.

घाईत ती अजून 'हॅज केम' म्हणते, मग स्वतःच दुरुस्त करते. वडील महागड्या स्पोकन इंग्लिश क्लासची फी भरायला निघाले होते. म्हटलं, सहामाहीपर्यंत थांबा, तोवर बसमध्ये मैत्रिणीशी रोज चार वाक्यं बोलू दे.