हिरड्या खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलंय, डॉक्टर ग्राफ्टिंग, म्हणजे टाळूचा तुकडा लावून मूळ झाकायचं ऑपरेशन, सांगतायत, करून घ्यावं का?

सरकलेली हिरडी परत आपोआप वर येत नाही, तेल-मीठ कितीही चोळा, हे आधी मान्य करा. पण मूळ दिसलं की लगेच ऑपरेशन असंही नसतं. नुसती थंड पाण्याची कळ येत असेल तर मऊ ब्रश आणि सेन्सिटिव्ह पेस्टवर बऱ्याच जणांचं भागतं. हिरडी वाढतच खाली चालली असेल, किंवा कळ थांबतच नसेल तर मात्र करून घ्या, आणि हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडेच, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे.

माझं खालच्या सुळ्याचं झालंय. भूल देऊन टाळूच्या आतला पातळ तुकडा काढतात, तो उघड्या मुळावर ठेवून हिरडी वर ओढून टाके घालतात, तासाभराचं काम. हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखते हो, उकळता चहा प्यायल्यावर पोळते ना तशी, आठवडाभर. मी गार दहीभात आणि खिचडीवर काढले दिवस. टाके घातलेल्या हिरडीला साधारण दोन आठवडे ब्रश लावायचा नाही, फक्त माउथवॉश, आणि ओठ ओढून ओढून आरशात बघायचं नाही, टाके ताणले जातात.

डॉक्टरांना एक नक्की विचारा, दोन दातांमधलं हाड शाबूत आहे का, कारण ते असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाऊ शकतं, झिजलं असेल तर अर्धवटच. आणि मिशरी, तंबाखू, सिगारेट चालू असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर ग्राफ्ट नीट धरत नाही.