विंडोज १० वरून ११ वर जायचंय, डेटा न उडता घरच्या घरी जमेल का?

तुम्ही विचारलंय की लॅपटॉप सहा-सात वर्षं जुना आहे, फोटो, ऑफिसच्या फाइली, हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळं त्यातच आहे, आणि १० वरून ११ वर जाताना काही उडणार तर नाही ना. जमेल घरच्या घरी. माझ्याकडे नात्यातले, ओळखीचे असे बरेच लॅपटॉप याच कामासाठी येतात आणि खरं सांगू का, अपग्रेडमध्ये करायचं असं फार काही नसतंच, नेक्स्ट नेक्स्ट दाबायचं आणि वाट बघायची. सगळं काम त्याच्या आधीचं. आणि त्यातही एकच गोष्ट बघायची, की बिघडलं तर परत यायला रस्ता आहे का. तो असेल तर बिनधास्त करा.

आधी मशीन चालतंय का ते बघा. ११ ला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (भरवशाचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालणारं यूईएफआय (लॅपटॉप सुरू करणारं, बायॉसच्या जागी आलेलं नवं सॉफ्टवेअर) लागतं. हे कागदावरचं, माझ्या मते ८ जीबी रॅम नसेल तर ११ च्या नादी लागू नका, चालतं पण रडत चालतं. लोक अडकतात ते प्रोसेसरवर. इंटेल असेल तर ढोबळमानाने आठव्या जनरेशनपासून पुढचे आणि रायझन असेल तर २००० सिरीजपासून पुढचे चालतात, त्यातही मायक्रोसॉफ्टची मॉडेलनिहाय यादी आहे, तुमचा लॅपटॉप नेमका काठावर आहे म्हणून पीसी हेल्थ चेक नावाचं त्यांचं फुकट अॅप टाकून एकदा बघूनच घ्या. टीपीएम नाही असं त्याने सांगितलं तरी लगेच निराश होऊ नका, बरेचदा तो असतो पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतो, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाखाली सापडेल.

पण थांबा, बायॉसला हात लावायच्या आधी एक काम करा. तुमच्या ड्राइव्हवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, कारण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. मग टीपीएमचं सेटिंग बदललं की पुढच्या वेळी स्क्रीन निळी होते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती नसेल तर डेटा समोर असून नसल्यासारखा, कोणीही काढून देऊ शकत नाही. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते (ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे), तिथून कागदावर उतरवून घ्या. हो, कागदावरच, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये नको. आणि बदल करण्यापुरतं बिटलॉकर सस्पेंड करून, म्हणजे तात्पुरतं थांबवून ठेवा.

अजून एक, सिक्युअर बूटसाठी कोणी व्हिडिओ बघून लेगसी बूट (सुरू होण्याची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय करायला सांगितलं तर तसं थेट करू नका. डिस्कवरच्या विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोज बूटच होणार नाही, आधी ती डिस्क नव्या जीपीटी पद्धतीला कन्व्हर्ट करावी लागते. विंडोजमध्येच त्याचं टूल आहे, एमबीआर टू जीपीटी, पण तेही बॅकअप झाल्यावरच.

आता बॅकअप. इथे मी जरा कटकट करणार आहे. दहातले आठ जण सांगतात की बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हला टाकलंय सगळं. अहो लॅपटॉपमधला सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात, एकाच खिशात दोन पाकिटं ठेवण्यातला प्रकार आहे तो. बॅकअप म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क, जी कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवली जाते. वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) आहे म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्या की ते सिंक आहे, इकडे फाइल डिलीट झाली की तिकडेही जाते, रिसायकल बिनमध्ये काही दिवस राहते एवढंच. आणि उलटही होतं, फोल्डरमध्ये फाइल दिसते पण ती नुसतं ढगाचं चिन्ह असलेली असते, म्हणजे लॅपटॉपवर नाहीच, फक्त ऑनलाइन आहे.

काय काय घ्यायचं? डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. राहतं ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, त्याचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हवर स्वतःचं वेगळं फोल्डर करून बसलेला असतो, म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच बॅकअपचा पर्याय वापरा आणि लायसन्स की लिहून ठेवा. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल, त्यात मेल साठलेले असतात. ब्राउझरचे पासवर्ड सिंक आहेत का ते. कॉपी झाली की त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, वेगवेगळ्या फोल्डरमधल्या, एखादी मोठी व्हिडिओ फाइलही. उघडून बघितला नाही तो बॅकअप मी धरतच नाही. ही उगाच भीती नाही, २०१८ च्या ऑक्टोबरमधलं विंडोज १० चं मोठं अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली उडवत होतं आणि मायक्रोसॉफ्टला ते मध्येच थांबवावं लागलं होतं.

मग किरकोळ. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या अॅपने डिस्कची तब्येत बघा, कॉशन किंवा बॅड दाखवलं तर अपग्रेड विसरा, आधी डिस्क बदला. सी ड्राइव्हला तीसेक जीबी जागा मोकळी करा. बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर तात्पुरता काढून टाका, प्रिंटर-पेनड्राइव्ह-डोंगल सगळं उपसून ठेवा, चार्जर लावा.

सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये ११ येत असेल तर तिथूनच करा, तो सगळ्यात सरळ मार्ग. येत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून इन्स्टॉलेशन असिस्टंट घ्या, भलत्या साइटवरून आयएसओ (विंडोज इन्स्टॉल करायची फाइल) नको. पेनड्राइव्हने करणार असाल तर चालू विंडोजमध्ये तो उघडून सेटअप चालवायचा, पेनड्राइव्हवरून बूट करायचं नाही, कारण बूट केल्यावर तुमची अॅप ठेवून अपग्रेड करायचा पर्याय मिळत नाही. सेटअपमध्ये काय ठेवायचं ते विचारलं की फाइली आणि अॅप दोन्ही ठेवा हाच पर्याय हवा, तो राखाडी दिसत असेल तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

चालू झाल्यावर मशीन दोन-चार वेळा रिस्टार्ट होईल, एखाद्या टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखं वाटेल, त्यात पॉवर बटन दाबून धरू नका, निवांत दुसरी कामं करा. फेल झालंच तर बहुतेक वेळा आपोआप जुन्या विंडोजवर परत येतं आणि एक एरर कोड देतं. त्याची सुरुवात ०एक्ससी१९००१०१ अशी असेल तर बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरची (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) भानगड असते, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आणि बायॉस अपडेट करून पुन्हा करा.

झालं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण कुठे आहे का बघा, वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, आणि तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर खरोखर एक नोंद टाकून बघा. नाही पटलं तर दहा दिवसांत सेटिंगमधल्या रिकव्हरीतून गो बॅक करून १० वर परत जाता येतं, फक्त मधल्या काळात टाकलेली अॅप जातात. हा रस्ता सी ड्राइव्हवरच्या, जुनं विंडोज ठेवलेल्या विंडोज डॉट ओल्ड फोल्डरवर अवलंबून असतो, आणि लोक नेमकं दुसऱ्याच दिवशी जागा खातंय म्हणून डिस्क क्लीनअपमधून ते उडवतात! दहा दिवस राहू दे, नंतर विंडोज स्वतःच काढून टाकतं.

आणि प्रोसेसर यादीत नसेल तर? चेक बायपास करून ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे ज्यावर हिशेब ठेवता त्या लॅपटॉपवर मी तरी करणार नाही. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी ईएसयू (वाढीव मुदतीचे सिक्युरिटी अपडेट) म्हणून नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. प्रोसेसरचं पूर्ण नाव कमेंटमध्ये टाका, यादीत आहे का नाही ते बघून सांगतो.