टाचांचे बूट घालणारा राजा बायकी होता का?

प्रश्न: फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्र मी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. लांब कुरळे केस, पांढरे स्टॉकिंग, लाल टाचांचे बूट. सगळे हसले, हा कसला राजा म्हणे. जुन्या काळचा पुरुष म्हणजे दाढी आणि पिळदार दंड, असंच नव्हतं का?

उत्तर: नव्हतं हो. हे चित्र चित्रकार रिगोनं १७०१ मध्ये काढलं, राजानं तेव्हा साठी ओलांडली होती, आणि नीट बघा, अंगावरचा तो जड झगा मुद्दाम खांद्यावरून मागे सारलाय, का तर पाय दिसावेत म्हणून! लुई तरुणपणी बॅले नाचायचा, १६५३ मध्ये चौदाव्या वर्षी तो दरबारात सूर्य बनून नाचला होता, आणि त्या दरबारात घोटीव पोटरी म्हणजे नाच, घोडा, तलवार सगळं अंगात मुरलंय याची खूण. टाचेचे बूटही इराणी घोडेस्वारांकडून युरोपात गेले, रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून. चित्र खरं तर स्पेनच्या राजाला, म्हणजे नातवाला पाठवायचं होतं, पण लुईला इतकं आवडलं की त्यानं ते स्वतःकडेच ठेवून घेतलं.

दाढीचं म्हणाल तर अलेक्झांडर गुळगुळीत, रोमचे सुरुवातीचे बहुतेक सम्राटही तसेच, ११७ साली दाढीवाला हेड्रियन गादीवर आला आणि मग सम्राटांच्या पुतळ्यांवर दाढ्या दिसायला लागल्या.

मला मात्र इटलीतल्या फ्लोरेन्स शहरातले डेव्हिडचे दोन पुतळे सगळ्यात जास्त बोलके वाटतात. गोष्ट एकच, बायबलमधली, गोलायथ नावाच्या धिप्पाड योद्ध्याला मारणारा पोरगा. शिल्पकार डोनाटेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड पंधराव्या शतकातला, मेदिची या तिथल्या बड्या घराण्याच्या वाड्याच्या चौकात असायचा. डोक्यावर टोपी, कोवळं पोट, एक हात कमरेवर, पायाखाली मुंडकं आणि त्या मुंडक्यावरच्या शिरस्त्राणाचं पीस थेट त्याच्या मांडीला लागून वर गेलेलं. मायकेलअँजेलोचा १५०४ चा, पाच मीटरहून उंच, कपाळाला आठी, हाताच्या शिरा टरटरलेल्या, कारण याची लढाई अजून व्हायचीय. तो सरकारवाड्याच्या दारात उभा केला, नव्या प्रजासत्ताकाला शत्रूला दम भरणारा गडी हवा होता ना! मधे शंभर वर्षंही गेली नव्हती, आणि दोघंही त्या शहराला वीरच वाटत होते.

मित्रांना लुईचं चित्र परत दाखवा, आणि या वेळी स्टॉकिंगच्या जरा वर बघायला सांगा, कमरेला तलवार आहे.