वाचक विचारतात : कॅराव्हॅन घाटातून नेताना

प्रश्न : आमची मिनीबसवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन आहे. राधानगरीमार्गे मालवणला जाताना फोंडा घाटात शेवटच्या वळणांवर जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल खोल जाऊ लागलं. गॅरेजमध्ये मात्र काहीच दोष निघाला नाही. असं का झालं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जळका वास लायनरचा, म्हणजे चाकाच्या फिरत्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांचा. पेडल खोल गेलं, कारण उष्णतेने ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले. पाय दाबला की बुडबुडे दबतात, चाकापर्यंत जोर पोचत नाही. गार झाल्यावर सगळं पहिल्यासारखं वाटतं, म्हणून गॅरेजवाल्याला काही दिसलं नाही.

हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ (डब्यावर DOT 3 लिहिलेलं असतं) दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरला की तो १४०च्या आसपास येऊ शकतो. त्यामुळे ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ड्रम उघडून लायनरही पाहा. करपून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर नवे घाला.

ऑइल नवं असलं तरी उतरण्याची पद्धत चुकली तर हाच प्रसंग पुन्हा येईल. गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाका: साधारणपणे दुसरा, फारच तीव्र उतार असेल तर पहिला. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. वेग ३० ठरवला असेल तर ३५ झाल्यावर ठामपणे दाबून २५ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. तेवढ्या वेळात ब्रेकला हवा लागते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरमधला, म्हणजे पेडलला जोर पुरवणाऱ्या डब्यातला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

तरीही पेडल खोल गेलंच, तर ते पटापट पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडाथोडा ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर गिअरमध्येच ठेवून चाकांना दगड लावा. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. गरम ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

प्रश्न : दीडशे लिटरची पाण्याची टाकी घरूनच भरून निघावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, दोन मोठी माणसं जास्तीची. अर्धी टाकीही वाईटच. आत पाण्याला अडवणारे पडदे नसतील तर वळणावर पाणी हिंदकळून गाडीला कलवतं. वाटेपुरतं वीस-तीस लिटर घ्या, बाकीचं मुक्कामी भरा.

टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली असेल तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. एकदा पूर्ण सामान, डिझेल आणि सगळी माणसं घेऊन वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग सगळी गाडी, मग फक्त मागची. हे आकडे कंपनीच्या पाटीवरच्या मर्यादांशी ताडून पाहा. बांधणी करणाऱ्याच्या तोंडी हिशेबावर विसंबू नका. फर्निचर, बॅटऱ्या, एसी यांचं वजन अनेकदा धरलेलंच नसतं.

टायरही तपासा. बाजूवर DOT या अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅन बराच काळ उभीच असते, त्यामुळे नक्षी शाबूत असली तरी रबराला बारीक चिरा पडतात. पाच-सहा वर्षांनंतर असा टायर घाटात नेऊ नये.

प्रश्न : रात्रीच्या प्रवासात मुलांना मागच्या बेडवर झोपवलं तर चालेल का? चहासाठी गॅस चालू ठेवता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्हीला ठाम नाही. चालत्या गाडीत प्रत्येकाने बेल्ट असलेल्या सीटवरच बसायचं. झोप आली तर गाडी थांबवून सगळ्यांनी झोपा. निघण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर उभाच पट्ट्याने बांधा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारी जाळी हवी.