दिवसभर पथ्य, रात्री सगळं मोडतं

‘दिवसभर मी अगदी कसोशीने पाळते हो, पण रात्र झाली की ताबाच सुटतो. माझ्यात निग्रहच नाही.’ लो-कार्ब, म्हणजे कर्बोदकं (पिठूळ आणि गोड पदार्थ) कमी केलेला आहार सुरू करून काही आठवडे झालेल्या माणसांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. बोलताना बहुतेकांची मान खाली असते. अशा एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

वय चाळिशीच्या पुढे, नोकरी शाळेत शिकवण्याची. रक्तातली साखर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. बाईंनी एका रात्रीत ब्रेड, भात, बटाटा, साखर सगळं बंद केलं. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलो खाली आला. पुढे एका वाढदिवसाला केक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर जवळजवळ दीड किलो परत! त्या दिवसापासून रोज रात्री पथ्य मोडायला लागलं.

मी त्यांना खाण्याची नोंद ठेवायला सांगितली. सकाळी काळी कॉफी. दुपारी काकडी-टोमॅटो आणि एक उकडलेलं अंडं. चार वाजता पुन्हा कॉफी. रात्रीच्या रकान्यात फक्त ‘सगळं’. म्हटलं, हे ‘सगळं’ जरा उलगडून सांगा. घरी आल्यावर पर्स खांद्यालाच, ओट्याशी उभं राहून ब्रेडचं पाकीट उघडायचं. पहिल्या स्लाइसला लोणी लावायचं, पुढच्या तशाच कोरड्या. ताटली घेतलेली नसायची. का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘ताटलीत घेतलं तर मी खातेय हे कबूल करावं लागेल ना.’

हे ऐकल्यावर मी आधी एक गोष्ट नीट विचारून घेतली. थांबता येत नाही अशी अवस्था, पोट दुखेपर्यंत खाणं, नंतर उलटी काढणं किंवा दिवसदिवस उपाशी राहणं, असं काही होतं का? होत असेल, तर प्रश्न पथ्याचा राहत नाही. त्यावर मानसोपचार लागतात आणि कडक आहाराने तो त्रास वाढतो. बाईंच्या बाबतीत तसं नव्हतं.

त्यांच्या बाबतीत होती ती साधी भूक. अंड्याच्या साधारण सत्तर कॅलरी, काकडी-टोमॅटोच्या फार तर पन्नास. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटात गेलेलं अन्न एवढंच, आणि त्यावर वर्गात दिवसभर उभं राहून शिकवायचं! कर्बोदकं कमी केली की त्यांची जागा प्रथिनांनी आणि स्निग्ध पदार्थांनी भरावी लागते. बाईंनी तेला-लोण्याच्या धास्तीने तेही काढून टाकलं होतं. लो-कार्बच्या नावाखाली उपास चालला होता. अशा वेळी संध्याकाळी ब्रेडकडे हात गेला तर त्यात निग्रहाचा काय दोष?

म्हणून काय सोडायचं याची यादी बाजूला ठेवली आणि काय खायचं ते आधी ठरवलं. सकाळी दोन-तीन अंडी, नाहीतर घट्ट दही आणि मूठभर बदाम-अक्रोड. दुपारी मासे, चिकन किंवा टोफू, सोबत तेलावर परतलेली भरपूर भाजी. सगळ्यात उपयोग झाला तो शाळेतून निघण्यापूर्वीच्या खाण्याचा. चीजचा तुकडा आणि थोडे दाणे खाऊनच घरी यायचं. पथ्य बहुधा ठरलेल्या वेळी मोडतं. ती वेळ सापडली की तिच्या तासभर आधी खाऊन घ्यावं, भूक पेटल्यावर निर्णय घ्यायची पाळीच येऊ देऊ नये. ब्रेड घरात मुलांसाठी लागायचाच. तो ओट्यावरून बंद कपाटात गेला.

काट्याचं गणित मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. शरीर कर्बोदकांचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवतं. त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पहिल्या आठवड्यातली घट बरीचशी या पाण्याची, आणि केकनंतर परतलं तेही मुख्यतः पाणीच. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एका केकने दीड किलो चरबी चढणं शक्यच नाही. सुरुवातीला पाण्याबरोबर मीठही शरीराबाहेर जातं, म्हणून डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास नसेल तर पुरेसं पाणी आणि थोडं खारट सूप घेतलं की बरं वाटतं. बाईंना मात्र वाटलं होतं, हा आहार आपल्याला सोसतच नाही.

‘आता मोडलंच आहे, तर खाऊन टाकू’ हा विचार सगळ्यात जास्त नुकसान करतो. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये यावर प्रयोग केला होता. आधी मिल्कशेक प्यायला दिल्यावर एरवी खाण्यावर बंधन घालणाऱ्यांनी पुढे आइस्क्रीम कमी नव्हे, उलट जास्त खाल्लं. यासाठी बाईंनी स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहून ठेवलं: ‘ब्रेड खाल्लाच, तर ताटलीत घेऊन, बसून खाईन आणि पुढचं जेवण ठरल्याप्रमाणेच जेवेन.’ ‘सोमवारपासून नव्याने’ हे शब्द आम्ही वर्ज्य केले.

मर्यादाही सैल केली. त्या दिवसाला २० ग्रॅम कर्बोदकांवर राहू पाहत होत्या. साधारणपणे १३० ग्रॅमच्या आत राहिलं तरी तो आहार लो-कार्बच म्हणतात, म्हणून आम्ही १०० च्या आसपास ठरवलं. फळं आणि थोडी कडधान्यं परत आली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर लो-कार्ब किंवा लो-फॅट आहार दिला होता. दोन्ही गटांच्या वजनातल्या घटीत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा स्वतःला झेपेल ती पद्धत खुशाल निवडावी, आणि लो-कार्ब जमतच नसेल तर दुसरी वाट धरावी, असं माझं मत आहे.

बाईंचं वजन आता सावकाश उतरतंय. परीक्षांच्या दिवसांत अजून पाय घसरतो, पण तो त्या जेवणापुरताच.

बाईंना कुठलंही औषध चालू नव्हतं, म्हणून आम्हाला हे बदल लगेच करता आले. इन्सुलिन किंवा मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मधुमेहावरच्याच डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांबरोबर तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. अशांनी, तसंच गरोदर बायकांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं, औषधांचे डोस तपासून घ्यावेत आणि मगच ताटात बदल करावा.